दगडी धागा आणि श्वासाची रेघ

मला स्वतःला श्वास नाही, पण माणसांचे श्वास मोजण्यात माझी सारी हयात गेली. मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक आहे. सध्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिन्याखाली उभा असतो. येणारे-जाणारे माझ्या खांद्यावर ओल्या छत्र्या अडकवतात, सफाईवाल्या बाई झाडू टेकवून ठेवतात. त्याचा मला राग येत नाही. मी जे पाहिलं, ते आठवलं की अजूनही माझा पत्रा शहारतो.

माझी घडण अगदी साधी. एका तांबटाने तांब्याचा पत्रा ठोकून दोन डबे केले. एका डब्यात पाणी भरायचं आणि दुसरा, कागदासारखा पातळ, त्या पाण्यात उपडा तरंगत ठेवायचा. उपड्या डब्याला दोरी, दोरी कप्पीवरून गेलेली आणि दुसऱ्या टोकाला वजन; लेखणी उपड्या डब्यालाच बांधलेली. रबरी नळीतून कोणी फुंकलं की हवा उपड्या डब्याखाली शिरते, डबा वर उचलला जातो आणि लेखणी फिरत्या कागदावर रेघ ओढते. झालं माझं काम! मी गळत नाही ना, हे पाहायला तांबटानेच पहिल्यांदा नळी तोंडाला लावली आणि फुंकर मारली. मी अलगद वर गेलो. जी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, त्या हवेने मला उचललं! त्या दिवशी मी जो चकित झालो, तो आजतागायत चकितच आहे.

मी एका मोठ्या इस्पितळात दाखल झालो. तिथे पोहणारे आले, धावणारे आले, गाणारे आले. कोणाची रेघ कागदाच्या वर जाऊ पाहायची. डॉक्टर माझी पाठ थोपटायचे, आणि खरं सांगतो, मी थोडा फुगलोही होतो. फुगणं हा तर माझा धंदाच!

मग एके दिवशी एका डॉक्टरबाईंनी मला गाडीत घातलं आणि शहराबाहेरच्या एका कारखान्यात नेलं. बरोबर माझी देखभाल करणारे तंत्रज्ञ होते. फुंकणाऱ्याच्या कानाशी "फुंका, फुंका, अजून फुंका!" असं ओरडणं हे त्यांचं काम. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं, फुंकेमास्तर.

त्या कारखान्यात मी एक अजब गोष्ट पाहिली. तिथे दगडाचा धागा निघत असे. होय, दगडाचा! डोंगरातून खणून आणलेला अॅस्बेस्टॉस नावाचा दगड कुटला की त्याचे केसांसारखे तंतू सुटतात. ते कापसासारखे पिंजता येतात, कातता येतात, विणताही येतात. त्या कापडावर निखारा ठेवा, त्याला डागही पडत नाही. आगीला न भिणारं कापड! गरम नळांवर, बॉयलरवर, भट्ट्यांवर गुंडाळायला साऱ्या जगाला ते हवं होतं. पिंजण खात्यात पांढरी धूळ इतकी तरंगायची की समोरचा माणूस धुक्यातून आल्यासारखा दिसे. माझ्या पाण्यावर तासाभरात साय धरली.

पिंजण खात्याचा मुकादम दांडगा गडी होता. यंत्रांच्या खडखडाटातही त्याची हाक फाटकापर्यंत पोहोचायची, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. कारखान्याला दोन भोंगे आहेत, एक छपरावर आणि एक पिंजणात, असा तिथला जुना विनोद होता. पण गेली काही वर्षं हा दुसरा भोंगा जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करू लागला होता.

तपासणीला कोणी पुढे येईना. रेघ आखूड आली तर नोकरी जाईल, ही धास्ती. डॉक्टरबाईंनी शब्द दिला, "कोणाची रेघ कोणती, हे कारखान्याच्या ऑफिसला कळणार नाही." तरी सगळे एकमेकांकडे बघत उभे. शेवटी भोंगाच पुढे झाला. "व्हा बाजूला! यंत्राचं झाकण उडवून दाखवतो."

फुंकेमास्तरांनी त्याच्या नाकाला चिमटा लावला. त्याने छाती भरून घेतली आणि फुंकलं. मी उठलो, आणि अर्ध्या वाटेतच थांबलो. फुंकेमास्तर ओरडत होते, त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, पण माझ्याखाली हवाच येत नव्हती.

"मशीन बिघडलंय तुमचं," तो धापा टाकत म्हणाला.

फुंकेमास्तरांनी चिमटा स्वतःच्या नाकाला लावला. त्यांनी नळी पुसली आणि स्वतः फुंकलं. त्या किरकोळ, चष्मेवाल्या माणसाने मला पार वरपर्यंत नेलं.  त्यानंतर मात्र एकेक जण पुढे आला. पिंजणात जितकी जास्त वर्षं, तितकी रेघ आखूड.

व्यवस्थापकांनी नावांशिवायच्या त्या रेघा पाहून हात झटकले. "सिगारेटी ओढतात हो ही माणसं. धाप लागणारच. धुळीचा काय संबंध?"

डॉक्टरबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी ठरवलं, कामगारांच्याच वस्तीतली, तेच अन्न खाणारी, पण कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेली माणसं तपासायची आणि दोन्ही रेघा शेजारी ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या शाळेच्या खोलीत मला मांडलं. भोंगा छाती तपासून घ्यायला आला, तेव्हा त्याची बायको सोबत आली होती.

"ताई, तुम्ही फुंकता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "निरोगी माणसाची रेघ हवी आहे मला."

"मी?" ती पदराआड हसली. "अहो, दूध उतू जाताना फुंकते तेवढंच माझं फुंकणं. पण फुंकते. यांनी तेवढं मला हसू नये."

तिने फुंकलं. मी उठलो आणि थांबलो. मला वाटलं, तिला जमलं नसेल. पुन्हा फुंकलं. पुन्हा तिथेच. मित्रांनो, यंत्राला काळीज नसतं म्हणतात, पण तेव्हा माझ्या पोटातलं पाणी हललं.

डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "वाळक्या पानांवर पाऊल पडावं, तसा आवाज येतोय." थोडा वेळ त्यांचा हात तिच्या पाठीवरच राहिला.

"तुम्ही कधी कारखान्यात काम केलंय?"

"छे! फाटक ओलांडलं नाही कधी."

"सिगारेट?"

"काहीतरीच काय!"

"मग यांचे कामाचे कपडे कोण धुतं?"

"मीच की. लग्न झाल्यापासून. आधी मागच्या दारी चांगले झटकते, मग भिजवते. झटकल्याशिवाय साबण लागतच नाही, इतके पांढरे असतात."

 भोंग्याने आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर, कानांवर, बाहीच्या घडीत तीच पांढरी पूड होती. "म्हणजे मी..." तो म्हणाला आणि त्याने सदरा दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरला.

"तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पुढे महिनोन्‌महिने काम चाललं. वस्तीतल्या बायका आल्या, आणि तुलनेसाठी, जिथे कारखान्याचे कपडे धुतले जात नव्हते अशा दूरच्या गल्लीतल्याही आल्या. छातीचे फोटो निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली ती धूळ ठेवली तेव्हा फुंकेमास्तर मोठ्याने म्हणाले, "अरे बापरे!" केसाहूनही शेकडो पटींनी बारीक असे भाले तिथे पडले होते. आपल्या फुप्फुसात असंख्य नाजूक फुगे असतात. ते उलगडून पसरले तर एखादं सभागृह झाकतील, आणि हे सगळं तुमच्या बरगड्यांत घडी घालून ठेवलेलं! त्या फुग्यांत हे भाले जाऊन रुततात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही, बाहेर काढू शकत नाही. मग ते बिचारं त्यांच्याभोवती वण बांधत राहतं. वणांनी फुप्फुस चामड्यासारखं ताठ होतं. हे सारं इतकं सावकाश चालतं की वीस-तीस वर्षं माणसाला पत्ताही लागत नाही. आगीला हरवणारा तो दगड मला आधी अद्भुत वाटला होता. आता त्याची भीती वाटली. पण आश्चर्य मात्र कमी झालं नाही.

हे सगळं डॉक्टरबाईंनी शाळेच्या खोलीत बायकांना समजावून सांगितलं. भोंग्याची बायको शांतपणे ऐकत होती. मग ती तडक उठून घरी गेली आणि आपल्या मुलीचा हात धरून तिला घेऊन आली. गुडघे दुखायला लागल्यापासून ती अधूनमधून ते कपडे मुलीकडूनही धुऊन घेत होती.

"हिचं बघा आधी," ती म्हणाली.

मुलगी घाबरली होती. नळी तोंडात धरताना तिचे दात वाजत होते. पण तिने फुंकलं आणि काय सांगू! मी उठलो, उठतच राहिलो, अगदी वरच्या खुणेपर्यंत. इतकी सुंदर रेघ मी आयुष्यात ओढली नव्हती. आई भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

"आज चांगलं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हा आजार फार सावकाश येतो. आजपासून तो एक कपडाही घरात नको."

"मग धुवायचा कुठे?"

"जिथे मळला तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांची गाडी फाटकाशी आली तेव्हा रस्ताच दिसेना. बायकांनी घराघरांतले कामाचे कपडे ओल्या चादरींत बांधून, म्हणजे धूळ उडू नये अशा बेताने, फाटकासमोर रचले होते. गाठोड्यांची भिंतच! आणि त्यांचे नवरे? घरात दुसरा कामाचा जोड नव्हता, म्हणून सगळे लग्नाकार्याचे कपडे घालून रांगेत उभे. भोंग्याला लग्नातला कोट छातीवर बसत नव्हता. मला फुंकेमास्तरांनी फाटकाजवळ उभ्या असलेल्या आमच्या गाडीतच ठेवलं होतं, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

"हा काय तमाशा?" व्यवस्थापक खाली उतरले. "कपडे घरी धुवायचे, ही जगाची रीत आहे."

भोंग्याची बायको पुढे झाली. तिला एका दमात फार बोलता येत नसे. ती थांबून थांबून बोलली. "मळ आमचा असता... तर आम्ही धुतला असता. ही धूळ तुमची आहे. तुमची धूळ... तुम्ही धुवा."

त्या दिवशी कारखाना बंद राहिला. दुसऱ्या दिवशीही. बायका गाठोड्यांपाशी बसून राहिल्या, आणि डॉक्टरबाईंनी सिगारेटला कधी न शिवलेल्या त्या बायकांच्या रेघा थेट मालकांसमोर नेऊन ठेवल्या. आता बोट दाखवायला सिगारेट उरली नव्हती. अखेर कारखान्यात धुलाईघर बांधलं गेलं, अंघोळीच्या खोल्या झाल्या, धूळ ओढून घेणारे पंखे बसले. पुढे ते संशोधन दूरदूरच्या डॉक्टरांनी वाचलं, तसंच आपापल्या गावात तपासलं, आणि काही वर्षांनी त्या कारखान्यात दगडाचा धागा निघणंच थांबलं.

पण मित्रांनो, खोटं कशाला सांगू? रुतलेले भाले बाहेर निघाले नाहीत. भोंगा गेला. शेवटी शेवटी तो कुजबुजल्यासारखा बोलायचा, आणि लोक त्याचं बोलणं जवळ जाऊन ऐकायचे. त्याची बायको दरवर्षी माझ्याकडे येत राहिली. रेघ दर खेपेला थोडी खाली येई. एकदा डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, आता नका त्रास घेऊ. मला कळलंय."

ती म्हणाली, "तुम्हाला कळलंय हो. पण अजून कितीतरी जणांना कळायचंय. लावा नळी."

तिने फुंकलं. मी बोटभर उठलो. माझ्याखाली तेव्हा किती थोडी हवा होती, पण एवढ्या ताकदीने मला कोणी कधी उचललं नव्हतं.

आता खिशात मावणारी यंत्रं आली आहेत. ती माझ्यापेक्षा हुशार आहेत, आणि ते ठीकच आहे. पण त्याच दगडाचे तंतू घालून केलेले जुने सिमेंटचे पत्रे आणि त्याच धाग्याच्या जुन्या पट्ट्या अजून कितीतरी छपरांवर, कितीतरी नळांवर आहेत. फुटका तुकडा दिसला तर तो उचलू नका, घासू नका, त्याच्याशी खेळू नका. मोठ्यांना बोलवा. आणि तुमच्या घरातलं कोणी धुळीत काम करत असेल, मग ती धूळ दगडाची असो, लाकडाची असो की सिमेंटची, तर आज त्यांना एवढंच विचारा, "तुमचे कामाचे कपडे कुठे धुतात?"

उत्तर "घरी" असं आलं, तर गप्प बसू नका.