मी कळकटच बरा

मी एक जुना, काळपट, हात लावला तर बुळबुळीत लागणारा स्पंज आहे, आणि मित्रांनो, हे सांगताना मला काडीचीही लाज वाटत नाही. तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. मुरडा खुशाल! माशांच्या टाकीत, कोपऱ्यात उभं राहून मी सगळं आयुष्य काढलं. टाकीजवळ येणारा माणूस आधी मासे बघतो, मग पाणवनस्पती बघतो, मग माझ्याकडे बोट दाखवून विचारतो, "हे काय घाणेरडं?" तर ते घाणेरडं म्हणजे मी. आज माझी बाजू मीच मांडणार आहे.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. कारखान्यात एका भल्यामोठ्या ठोकळ्यातून मला चौकोनी कापून काढलं, मधोमध भोक पाडलं आणि त्यात प्लास्टिकची नळी बसवली. तेव्हा माझा रंग छान निळा होता. दुकानात खिळ्याला लटकत होतो, लोक कौतुकानं दाबून बघायचे. पण खरं सांगू? त्या दिवसांत मी अगदी बिनकामाचा होतो. नुसतं दिसणं होतं, अंगात काही नव्हतं.

मला विकत घेतलं ते कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी. शेजारपाजारचे त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही काकूच म्हणतो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन, त्याच्या बाजूला कापडांनी ठासून भरलेलं कपाट आणि कपाटाला लागून माझी टाकी. दिवसभर मशीन खडखडायचं, हवेचा पंप घुरघुरायचा आणि काकू कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाह्या जोडता जोडता माशांशी गप्पा मारायच्या.

माझं काम आता नीट ऐका. पंपातली हवा माझ्या नळीतून बुडबुडे होऊन वर जाते. त्या बुडबुड्यांबरोबर पाणी ओढलं जातं आणि माझ्या अंगातून गाळून निघतं. माशांची घाण, उरलंसुरलं खाणं, सडकं पान, सगळं मी अडवतो. पण ही झाली नुसती हमाली. खरी गंमत माझ्या छिद्रांमध्ये आहे. तिथे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू हळूहळू राहायला आले. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. माझे हे भाडेकरू ते विष फस्त करतात, म्हणून मासे जगतात. त्यांची वस्ती वसायला कितीतरी आठवडे लागले. निळ्याचा मी काळा झालो तो असा. तुम्ही जिला घाण म्हणता ना, ती माझी कमाई आहे!

काकू मला अधूनमधून टाकीतल्याच जुन्या पाण्यात दोनदा पिळायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. नळाखाली कधीच धरायच्या नाहीत, कारण नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं आणि त्यानं माझी वस्ती उजाड होते. पण हे काकूंना कुठे माहीत होतं! दुकानदारानं असं करा म्हणून सांगितलं होतं, त्या तसं करत होत्या. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

टाकीत एंजल माशांची एक जोडी होती. दिसायला राजबिंडी, वागायला मात्र महाआगाऊ. टाकीत दगडी पाटीचा एक तुकडा तिरका उभा केलेला होता. मादी त्यावर ओळीनं अंडी घालायची, नर मागोमाग फिरायचा, दोघं पंखांनी वारा घालायची आणि मग एक दिवस दोघं मिळून सगळी अंडी मटकावायची. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अगं बये, स्वतःची गं!" म्हणायच्या. मग काही दिवसांनी पुन्हा तेच.

अशात काकूंच्या नणंदबाई कायमच्या राहायला आल्या. जन्मभर इस्पितळात मेट्रन होत्या, एकट्याच होत्या, आता थकल्या होत्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. काकूंच्या दुखऱ्या गुडघ्यांना रोज तेल त्याच चोळायच्या. पण स्वच्छतेचं वेड भारी! मशीनच्या पायडलखालचा दोराही त्यांना खपायचा नाही. आणि त्यांची खाट मावेल अशी जागा घरात एकच होती. माझ्या टाकीची.

"अगं, मासे पाळतेस म्हणतेस, पण पिल्लू तर एकही दिसत नाही," एक दिवस त्या म्हणाल्या. "ही टाकी डॉक्टरांच्या दवाखान्यात देऊन टाकू. बसलेले पेशंट तरी बघतील."

काकूंची शिलाई थांबली. "वन्सं, एकदा, फक्त एकदा पिल्लं वाढवून बघते. नाही जमलं तर खुशाल द्या टाकी."

"शब्द?"

"शब्द."

काकांना साक्षीला बोलावलं, तर ते पेपरमागून म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा बाई."

मित्रांनो, काकू शब्द देऊन बसल्या. तशात मादीनं पुन्हा अंडी घातली. या वेळी काकूंनी आईबापांना संधीच दिली नाही. अंड्यांसकट पाटी अलगद उचलली आणि दुसऱ्या लहान टाकीत नेऊन ठेवली. इथवर शाबास! पण बाळं येणार म्हटल्यावर काकू हरखून गेल्या. बाळांसाठी सगळं नवं कोरं हवं ना! काच नवी, पाणी नवं आणि स्पंजही नवा, पांढराशुभ्र. नणंदबाईंनीही मान डोलावली. "हे कसं, ऑपरेशन थिएटरसारखं!" आयुष्यात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं, आणि तेही नेमकं चुकीच्या गोष्टीवर.

मी ओरडून सांगत होतो, अहो, त्या गोऱ्या पोराच्या अंगात कुणी राहत नाही! त्याला काय येतंय? पण स्पंजाचं ओरडणं म्हणजे बुडबुडेच. ते कोण ऐकणार?

अंडी फुटली. टाकीभर शेपट्या वळवळू लागल्या. काकू उकडलेल्या अंड्याचा बलक अस्तराच्या तलम कापडातून गाळून थेंबथेंब भरवायच्या. मशीनवरून उठून उठून बघायच्या. पिल्लं पोहायला लागली त्या दिवशी त्यांनी शेजारणींना हाका मारून बोलावलं. आणि मग पिल्लं मरायला लागली. सकाळी तळाशी थोडी, संध्याकाळी आणखी थोडी. काच लख्ख, स्पंज पांढराशुभ्र, आणि पाण्यात विष! बलकाचा उरलेला अंश सडत होता आणि तो खाणारं तिथे कुणीच नव्हतं. काकूंनी पाणी बदललं, बलक कमी केला, तरी मरणं थांबेना. मी इकडे मोठ्या टाकीत हे सगळं काचेतून बघत होतो आणि रागानं नुसता फसफसत होतो.

टाकीचा विषय नणंदबाईंनी काढला नाही, हे मान्य करायला हवं. पण खाटेची मापं घेऊन झाली होती.

त्या दुपारी काकू मोठ्या टाकीसमोर येऊन बसल्या. निरोपाचं बसणं होतं ते. डोळे पुसत त्यांनी एंजलच्या जोडीकडे पाहिलं, मग उगाच माझ्याकडे पाहिलं आणि एकदम पुढे वाकल्या.

माझ्या अंगावर एक पिल्लू होतं.

झालं होतं असं, की मादीनं काही अंडी माझ्या बुडाशीही चिकटवली होती. बाकीची त्या खादाड जोडप्यानं टिपली, पण मी आणि काच यांच्यामधल्या अरुंद फटीत एक राहिलं. तिथे त्यांचं तोंड शिरत नव्हतं. ते अंडं फुटलं आणि पिल्लू माझ्याच अंगावरचे बारीक जीव टिपून खात राहिलं. बलक नाही, कापडाची गाळणी नाही, कुणाची देखभाल नाही, आणि पठ्ठ्या चांगला गुबगुबीत झाला होता!

काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. या टाकीकडून त्या टाकीकडे, पुन्हा या टाकीकडे. मग बाह्या वर सारल्या, एका वाटीनं ते पिल्लू अलगद वेगळं काढलं आणि मला उपटून बाहेर घेतलं. मी ठिबकत होतो. फरशीवर काळे थेंब पडत होते.

"अगं, अगं! काय करतेस?" नणंदबाई धावत आल्या. "ती घाण बाळांमध्ये घालतेस?"

"हो, घालते."

"उरलीसुरलीही मरतील!"

"तुमच्या स्वच्छतेत मरतच होती ना वन्सं? आणि माझ्याही. आता याच्या घाणीत बघू."

मला त्या लहान टाकीत बसवलं. त्या गोऱ्या पोराला मोठ्या टाकीत धाडलं. तिथल्या वाळूत माझ्या भाडेकरूंचेच सगेसोयरे राहत होते, त्यांनी त्याला सांभाळून घेतलं. मी मात्र जीव तोडून कामाला लागलो. ओढ पाणी, गाळ पाणी! पहिल्या दिवशी काही पिल्लं गेली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी कमी गेली. मग एक सकाळ अशी आली, की तळाशी काहीच नव्हतं. सगळी पिल्लं माझ्या काळ्या अंगाभोवती गोळा होऊन चरत होती. नणंदबाईंनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग आतल्या खोलीत गेल्या आणि काकांचा पलंग भिंतीकडे ढकलून आपल्या खाटेपुरती जागा करायला लागल्या.

आज ती पिल्लं चांगली मोठी झाली आहेत. मागच्या आठवड्यात समोरच्या घरातली शिक्षिका त्यातली सहा मागायला आली. काकूंनी मासे पिशवीत भरले, मग कात्री घेतली आणि माझा एक कोपरा कचकन कापला. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. तो तुकडा नणंदबाईंनी स्वतः ओल्या पिशवीत घालून त्या शिक्षिकेच्या हातात दिला.

"शी! हे कशाला?" शिक्षिका म्हणाली. "घरी जाऊन धुऊन घेते."

"खबरदार!" नणंदबाई कडाडल्या. "धुतलंत, तर मासे परत घेऊन येईन."

मित्रांनो, मला तुमची दया नको आणि माझं कौतुकही नको. घरात एखादी कळकट वस्तू दिसली, तर उचलून फेकण्याआधी एवढंच बघा, की तिच्या जिवावर कोण जगतंय. बाकी मला हवं तेवढं कापा. माझा एक कोपरा आता समोरच्या घरात काळा होत बसला आहे.