काळ्या पट्टीवरची गाडी

इस्तारी मारबते चंद्रपूरला आला होता तो लेकीला घेऊन जायला, आणि तेही घाईनं. त्याच दिवशी पाचच्या आत गडचिरोलीच्या डी.एड. कॉलेजात मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं, नाही तर रोशनीची सीट दुसऱ्याला जाणार होती. त्यासाठी दोनची एसटी धरायलाच हवी होती. तिच्या मागची गाडी मूल, सावली अशी गावं करत पोचेपर्यंत ऑफिसला कुलूप लागलं असतं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी खोचले होते. एसटीत डुलकी लागली तरी कोणाचा हात तिथवर जायला नको.

दोन हजार सहा सालची गोष्ट. तेव्हा डी.एड.ला नंबर लागला म्हणजे पोरगी मास्तरीण झालीच, असं गाव धरून चालायचं. इस्तारीचं गाव मूलच्या पलीकडे, तलावाला लागून. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. शाळेत कोणी टिकलं असेल तर ही एकटी रोशनी. बारावीनंतर तिचा डी.एड.चा नंबर हुकला, म्हणून चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला टाकली. आता दुसऱ्या वर्षाला असताना नंबर लागला. बापानं फोनवर विचारलं, "जाशीन का?" पोरगी म्हणाली, "बरं."

ह्या "बरं"चं काय सांगावं! लहानपणापासून पोरीच्या तोंडात तोच एक शब्द. शाळेत जा, बरं. तलावावर चल, बरं. डिप्लोमा कर, बरं. आता तो सोड, तरी बरंच. इस्तारी चारचौघांत कौतुकानं सांगायचा, माझ्या पोरीनं आजवर मले नाई म्हटलं नाई. कुंता, त्याची बायको, तेवढी ह्या कौतुकात सामील व्हायची नाही. ती म्हणायची, "पोरगी काय मागते थे तुमाले ठाऊक हाये का? मले तं नाई." इस्तारी म्हणायचा, तुझं काहीतरीच.

तर त्या दिवशी सकाळी तिच्या कॉलेजात यंत्रांची स्पर्धा होती. रोशनी म्हणाली होती, बारापर्यंत आटपते, मग जाऊ. तिला स्वतःला फार हौस होती असं नाही. तिच्या वर्गातली मोनाली, जिवतीच्या डोंगरातली, तोंडाची मोठी फटकळ. तिनं नाव दिलं होतं आणि जोडीला दुसरं माणूस लागतं म्हणून हिला ओढलं होतं. हिनं काय म्हटलं असेल ते सांगायलाच नको.

बाराला आटपायचं ते बाराला सुरू झालं. प्रमुख पाहुणे यायचे होते ना! ते आले, त्यांनी नारळ फोडला, फीत कापली, आपल्या लहानपणी कसे कंदील होते ते सांगितलं, आणि चहा पिऊन निघून गेले. इस्तारी मागच्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दात ओठ खात होता. तलावावर मच्छीमार सोसायटीची माणसं त्याला घाबरून असत, ती काही उगाच नाही.

हॉलच्या मध्यात पांढरं फ्लेक्स अंथरलं होतं आणि त्यावर काळ्या पट्टीची वाकडीतिकडी वाट काढली होती. यंत्रानं त्या पट्टीवरून आपलं आपण चालत जायचं. हात लावायचा नाही, दोरी नाही, काही नाही. मोनालीनं इस्तारीला समजावून सांगितलं, "काका, गाडीच्या पोटाखाली दोन डोळे हायेत अन् दोन बारके दिवे. दिव्याचा उजेड पांढऱ्यावरून परत येते, काळ्यावरून येत नाई. डोळ्याले जसं दिसन, तशी चाकं वळते."

"अन् चाकं कायची केली?"

"चपलेची. माझीच होती. तुटली तं रोशनीनं गोल कापून घेतली."

इस्तारीला हसू आलं. गाडी म्हणजे तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर तारांचा गुंता आणि चपलेची चाकं. बाकीच्या कॉलेजांच्या गाड्या रंग दिलेल्या, नावं लिहिलेल्या, एकीवर तर वाघाचं चित्र. पण बाप तो बाप. त्याला आपल्याच पोरीची गाडी चांगली वाटली.

नंबर आला. गाडी निघाली, आणि अरे बाप्पा, खरंच चालली की! पट्टी वळली की गाडी वळायची. इस्तारी खुर्चीवरून उठून उभा राहिला. अर्धी वाट झाली असेल नसेल, खिडकीतून फ्लेक्सवर उन्हाचा चौकोन पडला होता तिथवर गाडी गेली, क्षणभर थबकली, आणि पट्टी सोडून जी सुटली ती सरळ दाराकडे. दारात लखलखीत भादव्याचं ऊन. पोरं खिदळली. कोणीतरी ओरडलं, "मॅडम, गाडी शेकाले चालली तुमची!"

इस्तारीचा पारा चढला. त्या पोराचं तोंड त्यानं नीट बघून ठेवलं. माझ्या लेकीवर हसतो काय रे, म्हणत उठणारच होता. पण रोशनीकडे नजर गेली आणि तो जागीच राहिला. पोरीला हसणं ऐकूच आलं नव्हतं. गाडी उचलून, उलटी करून ती तिच्या पोटाकडे बघत होती, आजारी लेकराची जीभ बघावी तशी.

"मोने," ती म्हणाली, "आपल्या खोलीत ऊन येतेच कुठी?"

तेच झालं होतं. दोघींची खोली भाड्याची, मातीच्या भिंतींची, एका झरोक्याची. त्यात लोडशेडिंग. दिवसासुद्धा डोळे ताणून बघावं लागायचं. तिथं महिनाभर गाडी केली, तिथंच चालवली. त्या गाडीनं जन्मात ऊन पाहिलं नव्हतं; पाहिलं आणि बिचारी दिपून गेली.

परीक्षकांना विचारलं, खिडकी लावता येईल का? ते म्हणाले, सगळ्यांना सारखं. आणखी एक संधी होती. रोशनीनं मोनालीचा काळा मोजा फाडला आणि गाडीच्या पोटाला सावलीसाठी झालरीसारखा बांधला. गाडी निघाली, उन्हाच्या चौकोनात शिरली, सरळ चालली, आणि मोजा चाकात गुंतला. गाडी जागच्या जागी घुरघुरत राहिली. शिट्टी वाजली. बाद.

झालं. वाघाच्या चित्राची गाडी जिंकली. सगळे बक्षीस समारंभाला शेजारच्या सभागृहात निघून गेले. हॉल रिकामा झाला. इस्तारीनं मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो एकदाचे. दोनला अजून अर्धा तास होता आणि स्टँड जवळच होतं.

पण रोशनी उठेना. फ्लेक्सच्या कडेला मांडी घालून ती मोज्याचे धागे चाकातून सोडवत होती. मग मोनालीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मोनाली पळत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा होता, बाहेरच्या पंक्चरवाल्याकडून आणलेला. काळं जाड रबर. कापडासारखं चाकात गुंतणार नाही असं.

तेवढ्यात शिपाई आला. चैतूभाऊ त्याचं नाव. फ्लेक्सचं टोक धरून तो म्हणाला, "चला बाई, आटपा. गुंडाळाचं हाये."

आणि इस्तारी, ज्याला सगळ्यात आधी निघायचं होतं, तोच पुढं झाला. "राहू दे गा थोडा वेळ," तो म्हणाला. आपण हे का बोललो, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"ऑर्डर हाये मले."

"ऑर्डर कुठी पळून चालली? बस, तंबाखू खा."

चैतूभाऊ बसला. दोघं खिडकीखाली तंबाखू मळत बघत राहिले. रोशनीनं रबराची पट्टी कापून गाडीच्या पोटाभोवती लावली. पहिल्यांदा जमिनीला घासली. थोडी कातरली. मग उन्हाच्या चौकोनात गाडी डगमगली. बारक्या पेचकसानं तिनं आत कुठंतरी किंचित पिळलं. पुन्हा लावली. आता दुसऱ्याच वळणावर भरकटली. पुन्हा उचलली, पुन्हा पिळलं. मोनाली कंटाळून उपम्याच्या शोधात बाहेर गेली. चैतूभाऊला जांभया यायला लागल्या. रोशनी मात्र आता पालथी पडून, गाल फरशीला टेकून, गाडीच्या उंचीवरून बघत होती. ओढणी धुळीत, केस धुळीत. हीच ती पोरगी, जी पाहुण्यांसमोर दाराआडून पाणी द्यायची.

घड्याळात दोनला दहा कमी झाली. इस्तारीनं पोटाशी हात लावून पिशवी चाचपली आणि हाक मारली.

"रोशने, चाल वो माय. गाडी सुटन."

तिनं मान वळवली नाही. नुसता एक हात वर केला, रस्त्यावरच्या पोलिसासारखा.

"थांबा ना, बाबा."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ह्या पोरीनं त्याला अडवलं होतं. आणि तेही रागानं नाही, हट्टानं नाही. बाप आहे, सीट आहे, एसटी आहे, हे काही तिच्या ध्यानातच नव्हतं. तिच्या जगात त्या घडीला एक काळी पट्टी होती आणि चपलेची चाकं होती, बस्स.

ओरडावं का? एक हाक जोरात मारली असती तर ती उठली असती. "बरं" म्हणाली असती, गाडी पिशवीत टाकली असती, आणि मुकाट्यानं मागून चालू लागली असती. इस्तारीला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याची जीभ उचलेना. गावात काय सांगणार? कुंताला काय सांगणार? पगाराची नोकरी पोरीच्या हातात आली होती आणि बाप तिथं बसून तंबाखू मळत होता! पण तो खाली बसला. घड्याळाकडे त्यानं पाठ केली, म्हणजे तिकडं बघायलाच नको.

बाहेर रस्त्यावरून एसटीचा भोंगा आला. कोणती का असेना, आता काय.

कितव्या खेपेला कोण जाणे, गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. उन्हाचा चौकोन आला. आता तो सरकून मोठा झाला होता. गाडी त्यात शिरली, थबकली नाही, दिपली नाही, पट्टीवर नाक ठेवून चालत राहिली आणि पलीकडच्या सावलीत निघाली. शेवटचं वळण घेऊन ती पट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. शेजारच्या सभागृहात मात्र भाषणाला टाळ्या पडत होत्या.

रोशनी हसली. खळखळून, एकटीच, फरशीवर पडल्या पडल्या. इस्तारीनं आपल्या पोरीला असं हसताना पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चैतूभाऊला दिसू नये म्हणून त्यानं तंबाखू थुंकायला खिडकीबाहेर मान काढली.

"बाबा! पाहिलं का?" आणि मग ती एकदम उठून बसली. "किती वाजले?"

"गेली गाडी."

"मंग मले उठवलं काऊन नाई?"

"उठवलं. तू थांबा म्हटलं. थांबलो."

पोरगी पांढरीफटक पडली. इस्तारी तिच्याजवळ जाऊन फरशीवरच बसला. आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. "खरं सांग. पाहिजे होती का तुले थे सीट?"

ती बराच वेळ गाडीच्या चाकावरची धूळ बोटानं पुसत राहिली.

"नाई," ती म्हणाली.

आज रोशनीचं वरोऱ्याला स्वतःचं वर्कशॉप आहे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला ती पोरापोरींना घेऊन जाते आणि त्यांच्यापेक्षा तिचाच जीव जास्त टांगणीला लागतो. जिंकलेल्या ढाली, पदकं पुष्कळ आहेत. पण ह्याचं वेड कधी लागलं असं कोणी विचारलं, तर ती हरल्याच्या दिवसाचं सांगते. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी इस्तारीला एवढंच कळत होतं, की आता कुंताला फोन करायचा आहे.

एसटीडीच्या बूथमध्ये उभं राहून त्यानं गावच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं कुंताला बोलावून आणलं.

"पोरगी हारली," इस्तारी म्हणाला.

"अन् सीट?"

"थे बी गेली."

इस्तारीनं डोळे मिटून घेतले.

"मंग तुमी हासून काऊन राह्यले?" कुंतानं विचारलं.

आपण हसतोय हे त्याला तेव्हा कळलं. मग त्यानं सगळं भडाभडा सांगितलं. पट्टी, चाकं, ऊन, रबर, पोरीचा वर केलेला हात. पुढचं मागं, मागचं पुढं. "अजून तिथीच हाये," तो म्हणाला. "आता दुसऱ्या खिडकीच्या उन्हात चालवून पाहून राह्यली."



"आपल्या हळदीच्या दिवशी," कुंता म्हणाली, "तुमी तलावात जाळं घालून बसले होते. बोलावाले माणसं गेले तं तुमी पाण्यातून बाहेरच नाई आले. इकडं हळद वाळून गेली. मी मांडवात रडली होती, कोणत्या माणसाच्या गळ्यात बांधून राह्यले मले म्हणून."

"थे जुनं काऊन काढते आता?"

"रडून काही तुमचा तलाव सुटला नाई," कुंता म्हणाली. "तिले उठवू नका. तुमी एकटेच या घरी."