हातमोज्यांच्या आतली बाई

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या मालिकेतल्या सभ्य चोराने दोन वर्षांत अठ्ठ्याऐंशी तिजोऱ्या उघडल्या, आणि त्यातली एकही त्याने उघडलेली नाही. सगळ्या मी उघडल्या. आता त्याला जग ओळखतं आणि मला ओळखत नाही, असं रडगाणं मी गाणार नाही. मला जिथे ओळख हवी होती तिथे ती मिळाली, आणि कशी मिळाली तेच सांगायला बसलेय.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक उंची कपड्यांतला चोर पकडला जातो. सरकार त्याला म्हणतं, तुरुंगात जा, नाहीतर आमच्यासाठी चोऱ्या कर. तो दुसरं पत्करतो, कारण तुरुंगात कपड्यांना इस्त्री होत नाही. मग दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता तो कुठल्यातरी वकिलातीत शिरायचा, तिथल्या एखाद्या बाईशी गोड बोलायचा, तिजोरीतले गुप्त कागद काढायचा आणि सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पसार व्हायचा. वाहिनी एकच होती, त्यामुळे त्या अर्ध्या तासात रस्ते ओस पडायचे.

चोराचं काम करणाऱ्या नटाला सेटवर सगळे ‘देखणा’ म्हणायचे. होताच तो देखणा, त्यात वाद नाही. एक भुवई उचलून तो जे सांगायचा ते लेखकाला पानभर लिहून जमलं नसतं. पण हात! त्याला बुटाची नाडी बांधायची म्हटली तरी दोन माणसं लागायची. पहिल्याच दिवशी त्याने तिजोरीची आकड्यांची तबकडी फिरवली ती थेट उपटूनच हातात घेतली.

दिग्दर्शक त्याच दुपारी आमच्या दुकानात आला, कॅमेऱ्याच्या पेटीचं अडकलेलं कुलूप घेऊन. आमचं कुलुपांचं दुकान. बाबा बाहेर कामाला गेले होते, म्हणून मी त्याच्याशी बोलता बोलता कुलूप उघडून दिलं. तो कुलुपाकडे बघेना, माझ्या हातांकडेच बघत राहिला. म्हणाला, “उद्या सकाळी स्टुडिओत या. बोटं सांभाळून या.”

तेव्हापासून कामाची रीत ठरून गेली. सकाळी चेहरा, दुपारी हात. सकाळी देखणा तिजोरीसमोर उभा राहून कपाळावर आठ्या आणायचा. तो जेवायला गेला की त्याचा कोट आणि काळे हातमोजे घालून मी त्याच जागी उभी राहायची, आणि कॅमेरा माझ्या मनगटाच्या वर कधी यायचा नाही. दिग्दर्शक एका बाबतीत मात्र हट्टी होता. तिजोरी खरी पाहिजे आणि ती खरीच उघडली पाहिजे. चित्रीकरणाची जी रोजची यादी भिंतीवर लागायची, तीत माझा उल्लेख कपडेपटाखाली असायचा: ‘काळे हातमोजे, एक जोडी, आतल्या बाईसह.’

यातलं अवाक्षर बाहेर बोलायचं नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं होतं. आणि घोडं इथेच पेंड खात होतं. माझी लेक टीव्हीत लागली, एवढं बाबांनी कौतुकाने गल्लीत सांगितलं होतं. मग झालं सुरू. समोरचा शिंपी दर शुक्रवारी सकाळी दुकानात डोकावायचा. “काय टीव्हीवाले, कालही नाही दिसली लेक?” बाबा कानस घासत राहायचे. हळूहळू गल्लीत त्यांचं नावच ‘टीव्हीवाले’ पडलं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर लोकांनी घराच्या किल्ल्या सोपवल्या, तो म्हातारपणी थापाड्या ठरला. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. मला वाटायचं, यांनाही आता माझा भरवसा राहिलेला नाही. ते मला फार लागायचं. दिग्दर्शकाला मी चार वेळा म्हटलं, शेवटच्या नामावलीत माझं नाव टाका. तो चारही वेळा म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.”

अशात मालिकेला दोन वर्षं झाली आणि निर्मात्याने वर्तमानपत्रात जाहीर करून टाकलं की, या गुरुवारी आपला लाडका चोर प्रेक्षकांसमोर, थेट प्रक्षेपणात, कारखान्यातून आणलेली कोरी तिजोरी उघडून दाखवणार. तिजोरी बनवणाऱ्यांचा माणूस स्वतः आकडे लावणार आणि बंद पाकिटात स्वतःकडे ठेवणार. सेटवर आनंदीआनंद. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या, लेखकाने भाषण लिहायला घेतलं, देखणा आरशासमोर हातमोजे काढायची ऐट घोटवू लागला. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

तीन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन वर्षं त्या लोकांनी एकाचं तोंड दुसरीच्या मनगटाला इतकं बेमालूम चिकटवलं होतं की, ही दोन माणसं आहेत हेच ते विसरून गेले. आणि नवल म्हणजे देखणाही विसरला. सोमवारी दुपारी तो माझ्याकडे आला, शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, “एक विचारू का? तिजोरी उघडता मला येतं का हो?”

“नाही,” मी म्हटलं.

“वाटलंच मला.”

मग धावाधाव. दिग्दर्शक घाम पुसत आला. “ताई, तीन दिवसांत त्याला शिकवा.” माझी शिकवायला ना नव्हती. कारखान्याने सरावासाठी तसलीच दुसरी तिजोरी पाठवली होती. मी देखण्याला समजावलं की आत तीन चकत्या असतात, प्रत्येकीला एक खाच, तीन खाचा एका रेषेत आल्या की मूठ फिरते. खाच जवळ आली की तबकडी किंचित अडखळते, ते डोळ्यांनी दिसत नाही, बोटांना कळतं. त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावर असे भाव आणले की मलाच वाटलं, आता उघडली. दोन दिवस तो घासत होता. गुणी माणूस, एकदाही चिडला नाही. बुधवारी संध्याकाळी त्याने तबकडी सोडली आणि म्हणाला, “मला चेहऱ्याचं काम येतं. हे तुमचं काम आहे.”

दिग्दर्शकाने डोकं धरलं. कार्यक्रम रद्द केला तर मालिका बुडते, उघडला नाही तर मालिका बुडते, मी उघडली तर सत्य बाहेर पडतं आणि मालिका तरीही बुडते.

“त्याचे हात बांधा,” मी म्हटलं.

“काय?”

“शत्रूने चोराला बेड्या घातल्यात असं दाखवा. तिजोरीत सुटकेचे कागद आहेत. मग त्याची थोरली बहीण येते. सगळं जिने त्याला शिकवलं ती. ती उघडते. तो तोंडाने काम करील, मी हाताने. जो तो आपापलं.”

लेखक खुर्चीतून उठलाच. दिग्दर्शकाचा चेहरा उजळला, मग लगेच त्याला शहाणपण सुचलं. “छान. पण चेहऱ्यावर काळी जाळी घ्या. गूढ वाटेल.”

माझं डोकं फिरलं. “दोन वर्षं मनगटापर्यंत होते तेवढी पुरे. जाळी नाही आणि हातमोजेही नाहीत. शेवटी निवेदक माझं नाव वाचेल, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. हे मान्य नसेल तर तिजोरी तुमची तुम्ही उघडा, नाहीतर करवत आणा.”

दिग्दर्शकाने निर्मात्याकडे पाहिलं. निर्मात्याने छताकडे पाहिलं. देखणा म्हणाला, “त्या नसतील तर मीही नाही.” मग काय, कागद आला आणि सह्या झाल्या.

गुरुवारी आठ वाजता मी त्या दिव्यांत उभी राहिले. भीती वाटली का? नाही वाटली. भीती वाटायला काहीतरी नवं असावं लागतं. समोर दार होतं, दाराला तबकडी होती, तिच्या मागे तीन चकत्या होत्या. माझ्या ओळखीच्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी होत्या. पहिल्या रांगेत कारखान्याचा माणूस पाकीट छातीशी धरून, मिशीत हसत बसला होता. हसू दे म्हटलं, थोडा वेळच आहे.

डावा तळवा दारावर टेकवला आणि उजव्या हाताने फिरवायला लागले. पहिला आकडा सहा मिनिटांत आला. दुसऱ्याने छळलं. आठ वाजून तेरा मिनिटं झाली तरी तो सापडेना आणि लोक खुर्च्यांत चुळबुळ करायला लागले. तेव्हा त्या देखण्याने जे केलं त्याला तोड नाही. बेड्या घातलेल्या अवस्थेत, एका जागी उभं राहून, तो त्या लोकांना आमच्या लहानपणाच्या गोष्टी सांगू लागला. ताईने मला साखरेचा डबा कसा उघडायला शिकवला, पकडल्यावर मार कोणी खाल्ला. सगळ्या थापा, जागेवर रचलेल्या. लोक हसत होते, मध्येच एक बाई डोळे पुसत होती. त्याने मला आणखी दहा मिनिटं मिळवून दिली. दुसरा सापडला. तिसऱ्याला एकदा चुकले, मागे गेले, परत आले. मूठ धरली, खाली दाबली, आणि दार उघडलं. घड्याळात आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

कारखान्याच्या माणसाचं हसू मावळलं, पण त्याने उठून टाळ्या वाजवल्या, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. निवेदकाने माझं नाव वाचलं. पूर्ण वाचलं.

घरी पोचले तेव्हा गल्ली दुकानासमोर जमलेली. शिंपी पुढे आला, मान खाली घालून म्हणाला, “ताई, दोन वर्षं मी तोंड सोडलं होतं. चुकलं.” मी त्याला बाजूला सारून आत गेले. बाबा स्टुलावर बसले होते. टीव्ही बंद करून त्यांनी त्याच्यावर पुन्हा फडका घातला होता.

“पाहिलंत का?”

“पाहिलं. तिसऱ्या आकड्याला उगाच मागे गेलीस. पहिल्यांदा बरोबर होतीस.”

“ते असू दे. मी दिसले कशी?”

“ते शिंप्याला विचार. मी तोंडाकडे कुठे बघत होतो? मी हात बघत होतो. दर गुरुवारी तेच तर बघतो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या भागापासून. तबकडी थांबवताना करंगळी उचलतेस. लहानपणापासून ओरडतोय, पण तू ऐकशील तर शपथ. हातमोजे घातले म्हणून काय करंगळी लपते?”

“मग शिंप्याला सांगितलं का नाहीत? दोन वर्षं ऐकून घेतलंत त्याचं.”

एखाद्या गिऱ्हाइकाने मूर्खासारखं काही विचारल्यावर बघावं तसं बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “तू गप्प बसणारी आहेस का? नाहीस. म्हणजे तू कोणाला तरी शब्द दिला असणार. तुझा शब्द मी कसा मोडू?”

मला रडू कोसळलं, शिंप्यासमोर आणि सगळ्या गल्लीसमोर. बाबा उठले, त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, “बस. आता त्या दुसऱ्या चकतीचं काय केलंस, ते मला नीट सांग.”