मानाची बाही

पुलावरून पाणी वाहू लागलं आणि बस अडली. दोन तास तरी हलत नाही, असं चालकानं सांगताच सगळे उतारू समोरच्या संग्रहालयात घुसले. इतिहासाची ओढ कुणाला नव्हती, डोक्यावर छप्पर हवं होतं. शिंपीणबाईही पिशवी पोटाशी धरून दिरामागोमाग आत शिरल्या.

"वहिनी, द्या की ती इकडे. सोनं आहे का आत?"

"असू दे, भावजी."

सोनं परवडलं असतं. आत लेकीचा कोट होता, बाह्या अजून सुट्याच. उद्या संध्याकाळी लेक पहिल्यांदा मोठ्या सभागृहात गाणार होती, आणि तिच्या वडिलांनी जाण्याआधी हौसेनं आणून ठेवलेल्या रेशमाचाच कोट तिला घालायचा होता. ते रेशीम एका अंगानं लखलखीत, दुसऱ्या अंगानं फिकं. तीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईनं नेमकी तिथेच माती खाल्ली. दुसरी बाही कापताना नमुन्याचा कागद पालथा करायचा राहिला आणि दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. उरलं कापड चिंधीभर. लेकीला काय तोंड दाखवायचं, या विचारानं त्यांना दोन दिवस घास गिळवत नव्हता.

भावजी मात्र प्रत्येक फुटक्या मडक्यापुढे थांबत होते. "याहून जुनं आमच्या घरी रोज चुलीवर चढतं," असं म्हणून स्वतःच हसत होते.

शेवटच्या खोलीत काचेच्या पेटीत एक रेशमी कोट होता. डावी बाही साधी, उजवी खांद्यापासून मनगटापर्यंत वेलबुट्टीनं गच्च भरलेली.

"तीनशे वर्षांपूर्वीच्या नगरप्रमुखाचा," रखवालदारानं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. "उजव्या बाहीचं भरतकाम म्हणजे मानाचं चिन्ह."

शिंपीणबाई वाकल्या. त्या बाहीचं टोक किंचित दुमडलं होतं, आणि आतून रेशीम लखलखत होतं. बाहेर टाक्यांच्या फटीत फिकं. डाव्या बाहीचं बरोबर उलट.

"अगं बाई! भावजी, दोन्ही डाव्याच कापल्यात! एक उलटी करून जोडली आणि वर भरतकामानं झाकली. माझंही तेच झालंय हो!"

"मग रखवालदाराला सांगू?"

"खबरदार! तीनशे वर्षं झाकलंय शिवणाऱ्यानं."

तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी असाच कपाळाला हात लावून बसला असेल. इतके सुबक टाके शिंपीणबाईंनी जन्मात पाहिले नव्हते. भीतीपोटीच घातलेले, पण एकही टाका थरथरला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि हात आपोआप जोडले गेले.

"वहिनी, देव नाही तो, कोट आहे."

"ठाऊक आहे. शिंप्याला करतेय."

बस हलायच्या आत त्यांनी सुईत दोरा ओवला होता.

दुसऱ्या संध्याकाळी लेकीनं कोट चढवला आणि हात दिव्याखाली फिरवून पाहिला. "आई, एकाच बाहीवर एवढी वेलबुट्टी?"

भावजींनी तोंड उघडलं. शिंपीणबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"मानाची असते ती," त्या म्हणाल्या. "आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे."