तालमीतला पेंग्विन

मी पेंग्विन बोलतोय. कोल्हापुरात पेंग्विन कुठून आला म्हणून तोंडाचा आ करू नका, सांगतो. मी गादीच्या दुकानातून आलो. माझ्या अंगात हाडं नाहीत, कापूस आहे. चोच पुठ्ठ्याची, पाय रबरी. पण रुबाब विचाराल तर अस्सल दक्षिण ध्रुवाचा!

झालं असं, की तालमीच्या मंडळाने यंदा गणपतीत सजीव देखावा ठरवला, 'बर्फातला संसार'. सजीव म्हणजे माणसांनीच सोंगं घालून उभं राहायचं. सगळं बसवणारा विश्वजित. तो मापं घेऊन बायडाबाईंकडे गेला, कारण गाद्या-रजया शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांनी माझ्या पाठीला काळी मखमल लावली आणि पोटाशी येऊन अडल्या.

"पोट पांढरं? मळंल की! सगळंच काळं करूया."

"न्हाय वं बायडाबाई. ह्यो पाण्यात पवतोय. वरनं बघितलं तर काळी पाठ खोल पाण्यात मिसळती, खालनं बघितलं तर पांढरं पोट उजेडात. मारायला येणाऱ्याला दिसतच न्हाय."

"मग देखाव्याला आलेल्यांना तरी दिसंल न्हवं?" असं म्हणून त्यांनी मशीन सुरू केलं.

खऱ्या पेंग्विनच्या अंगावर दाट पिसं असतात आणि कातडीखाली चरबीचा जाड थर. म्हणून तर हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात तो टिकतो. बायडाबाईंनी मला दोन्हींच्या ऐवजी कापूस भरला, तोही सढळ हाताने. भर भाद्रपदात! आत शिरणाऱ्याचं काय होईल, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

आत शिरला आकाराम पैलवान, देखाव्यातला बापपेंग्विन; बाकीचे पैलवान आईपेंग्विन आणि घोळका. मैदानात भल्याभल्यांना अस्मान दाखवणारा गडी, पण घरात एका जिवापुढे त्याची पाचावर धारण बसायची. तो जीव म्हणजे त्याची तान्ही लेक. त्याची बायको स्वप्नाली नुकतीच बिद्रीहून, माहेराहून, बाळाला घेऊन आली होती. तालमीत उंदरांचा सुळसुळाट म्हणून मला त्याच्याच घरी खुंटीला टांगलेलं, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चालायचं. आकाराम पाळण्याजवळ उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून, आणि लांबूनच तिच्याशी बोलायचा. म्हशी किती दूध देतात, आज कोणाला चीतपट केलं, सगळं सांगायचा. पण हात म्हणून लावायचा नाही.

"आरं, धर की लेकीला," त्याची आई, आक्का, करवादायची.

"नको आक्का. माझं हात बघ. दाबली-बिबली म्हंजे?"

आक्का हसायची. स्वप्नालीला मात्र हसू यायचं नाही. मुलगी झाली म्हणून तर हे हात लावत नाहीत ना, ही शंका तिला आतून पोखरत होती. एकदा तिने माझ्या मखमलीलाच डोळे पुसले. मी काय बोलणार? माझी चोच पुठ्ठ्याची.

इकडे तालमीत तालमी सुरू झाल्या आणि एकच धमाल उडाली. पेंग्विन बर्फावर पोटाने घसरत जातात, म्हणून विश्वजितने प्लॅस्टिकवर साबणाचं पाणी ओतलं. आकाराम असा घसरला, की दारातून बाहेर पडून थेट भेळेच्या गाडीखाली! भेळवाल्याने वाकून विचारलं, "पावणं, तिखट चालंल न्हवं?"

थंडीत पेंग्विन एकमेकांना चिकटून घोळका करतात आणि आळीपाळीने आत-बाहेर सरकतात, म्हणजे प्रत्येकाला मधली ऊब मिळते. आमचा घोळका उलटा. पंखा बाहेर होता. त्यामुळे सगळे पैलवान बाहेर पडायला धडपडायचे आणि मधे सापडेल तो वाफेवरच्या मोदकासारखा शिजायचा.

खरं घोडं अडलं ते अंड्यापाशी. विश्वजितने अंडं आईपेंग्विनला दिलं होतं. अंडं म्हटल्यावर आईच, यात विचारायचं काय! सगळ्या तालमीला ते पटलं होतं. पण तालमीच्या सज्ज्यातून बघणारी स्वप्नाली मोबाईलमध्ये काहीतरी वाचून एकदम ओरडली, "ओ विश्वजितभावजी! ह्या मोठ्या पेंग्विनात अंडं बाप सांभाळतोय! आई समुद्रावर जाती. बाप दोन म्हैनं पायावर अंडं घेऊन थंडीत उभा ऱ्हातो, न जेवता!"

"दोन म्हैनं जेवत न्हाय?" पैलवानांचे चेहरे पडले.

"आधी खाऊन अंगावर चढवतोय," स्वप्नाली म्हणाली आणि तिने आकारामकडे रोखून बघितलं. "लेकरासाठी करतोय बाप."

अख्खी गल्ली आकारामकडे बघायला लागली. माझ्या आत घामाचा पूर आला. अंडं त्याच्या, म्हणजे आमच्या, पायांवर आलं आणि वरून बायडाबाईंनी पोटाला एक मऊ घडी शिवून दिली. अंडं फुटल्यावर त्या घडीतून डोकावायला राखाडी कापसाचं एक पिल्लूही केलं.

देखाव्याच्या पहिल्याच दिवशी रांग लागली. शेवटच्या खेळाआधी गगनबावड्याहून आलेलं एक पोरगं त्या पिल्लाला घट्ट बिलगलं, काही केल्या सोडेना. मंडळाचे अध्यक्ष विरघळले. "नेऊ दे की! पावण्याच्या पोराला न्हाय कसं म्हणायचं?" पोरगं पिल्लू घेऊन गेलं, अध्यक्ष कौतुक ऐकत बसले आणि खेळ सुरू झाल्यावर सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. आता घडीतून डोकावायचं कोणी?

निवेदन आधीच टेप केलेलं. ते काही कोणासाठी थांबत नव्हतं. आई समुद्रावर गेली, वादळ आलं, घोळका झाला. विश्वजित पडद्यामागे डोकं धरून बसला. आणि स्पीकरवर घनगंभीर आवाज आला, "अंडं फुटलं! आता बाबांच्या पायांवरून कोण बरं डोकावतंय?"

कोणीच नाही. समोर गर्दी माना उंचावून बघतेय.

तेवढ्यात बाजूने स्वप्नाली मंचावर आली. तिच्या हातात बाळ, बाळाला राखाडी टोपडं. तिने सरळ लेकीला माझ्या घडीत ठेवलं.

"धरा. तुमचीच हाय."

आईशप्पथ सांगतो, माझा कापूस न् कापूस थरथरला! आकारामचे दोन्ही हात माझ्या पंखांतून आले आणि बाळाखाली लागले. स्पीकर, शिट्ट्या, टाळ्या. बाळाने भोकाड पसरलं. हजारो पेंग्विनांच्या गोंगाटात पिल्लू आपल्या आईबापाला आवाजावरून ओळखतं म्हणतात. आकाराम मान खाली घालून पुटपुटला, "गप गं बाई माझी. म्हस व्याली बघ आपली, रेडकू झालंय." रोजचा पाळण्याजवळचा आवाज! बाळ गपकन थांबलं. माझ्या कापसात गाल घुसवून तिने एक जांभई दिली आणि झोपली. गर्दी वेडी झाली.

मग आईपेंग्विन समुद्रावरून परतली. तिने पिल्लू आपल्याकडे घ्यायचं, असं ठरलेलं. तिने पंख पुढे केले. आकारामने पाठ फिरवली.

"आकाराम, दे की पिल्लू!" विश्वजित आतून ओरडला.

"न्हाय देत. निजलीया."

आईपेंग्विन डावीकडून आली, हा उजवीकडे वळला. लोक पोट धरून हसत होते. खरा पेंग्विनबापही असाच अडून बसतो, पिल्लू सहज हातचं सोडत नाही. आमच्या पैलवानाला हे कोणी शिकवलं नव्हतं. मंचाच्या कडेला स्वप्नाली हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. यावेळी मला ते बघून बरं वाटलं.

आता मी पुन्हा खुंटीला आहे. चोच वाकलीय, पोट मळलंय, बायडाबाई म्हणाल्याच होत्या. बाळाला आता माझी घडी लागत नाही, बापाचे उघडे हात पुरतात. जरा वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू! तुम्ही कधी आलात तर चहा घ्या, माझ्यासोबत फोटो काढा. फक्त एक विनंती, बाळ मागू नका. आत्ताच स्वप्नाली म्हणाली, "द्या की वं आता, माझा पण नंबर लावा." आणि पैलवानाने पाठ फिरवली.