साठ रुपयांतलं घर

दौलतराव पाणी आणायला आत गेले, तसा तेजरामनं टेबलावरचा रेडिओ हळूच फिरवून त्याची पाठ पाहिली. खाली तारेजवळ दुकानदाराची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर शाईनं लिहिलं होतं, 'हप्ता'. तेजरामनं रेडिओ होता तसा ठेवला, वरचा भरतकामाचा रुमाल सारखा केला आणि खुर्चीत मागं टेकून बसला. हे स्थळ त्याच्या मनातून तिथंच अर्धं उतरलं.

मुलीचं स्थळ पाहायला तो भिलाईहून दुर्गला आला होता. रत्नमालेला अठरावं लागलं होतं. दौलतराव जुने रेल्वेवाले, मूळचे नागपूरकडचे, आणि त्यांचा मुलगा गुलाब वर्षापूर्वी पॉइंट्समन म्हणून लागला होता. हे स्थळ सोडू नका, असं शकुबाईनं नवऱ्याला दोनदा बजावलं होतं.

"नवा हाये जी रेडिओ," पेला पुढं करत दौलतराव म्हणाले. "हप्त्यावर घेतला. सहा देल्ले, सहा राह्यले."

"हप्त्यावर?" तेजरामनं भुवया वर केल्या.

"मंग? एकदम कोणापाशी असते बाप्पा?"

तेजराम नुसता हसला. आपल्यापाशी असते, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. माणसाला लाज नसली की तो कर्जाचा आकडाही पोराच्या वयासारखा सांगतो, एवढंच त्याच्या मनात आलं.

सत्तावन्न साली तो तुमसरकडून आला, तेव्हा धानाच्या बांध्या सपाट करून कारखान्याचे खांब उभे करणं चाललं होतं. आता पाच वर्षांत भट्ट्या धडधडायला लागल्या होत्या, तो स्टोअरमध्ये टॅली क्लार्क झाला होता, आणि कॅम्प-एक या कामगारवस्तीतली त्याची अख्खी गल्ली उधारीत बुडाली होती. नांगर सोडून आलेली माणसं. आयुष्यात पहिल्यांदा एक तारखेला हातात नोटा पडल्या आणि यांची डोकी फिरली. कुणाला सायकल हवी, कुणाला घड्याळ, कुणाच्या बायकोला नायलॉनचं पातळ. पगाराच्या दिवशी सावकार फाटकाबाहेर उभे राहत, आणि हे बहाद्दर भंगाराच्या ढिगाऱ्याआडून, तारेखालून, मान खाली घालून निसटत. तेजराम त्या दिवशी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चाले. एकशेतीस रुपये पगार. त्यातले साठ शकुबाईच्या हातात, बाकीचे पोस्टात. साठाचे कधी एकसष्ट झाले नाहीत.

"साठ रुपयात पाच माणसं जेवते आमच्या घरी," तो चहाच्या टपरीवर सांगे. "बाईमाणसाले धाकात ठेवा लागते."

पोराला ताप आला म्हणून शेजारचा नत्थू वेल्डर दहा रुपये मागायला आला, तेव्हा तेजरामनं त्याला अर्धा तास बसवून हिशेबानं कसं राहावं ते समजावलं होतं. पैसे दिले नव्हते. उंदराला गूळ दाखवायचा नसतो, असं तो नंतर म्हणाला होता.

दौलतरावांचा निरोप घेऊन तो स्टेशनवर गेला नाही. सरळ बाजारात शिरला. या घराचं किराणा-कापड भैय्याजींच्या दुकानातून येतं, हे त्यानं बोलता बोलता काढून घेतलं होतं. रेडिओ दिसतो, न दिसणारं खात्यात असतं.

भैय्याजी गादीवर बसले होते. तेजरामनं पावशेर सुपारी घेतली, रोख पैसे दिले, मग विषय काढला.

"सोयरीक करून राहिलो. दौलतराव रेल्वेवाले. तुमच्याकडे नाव असंनच त्याइचं."

सोयरिकीचं म्हटल्यावर भैय्याजींनी वही ओढली. "हाये न. चौदा रुपये. दर महिन्याले येते, दर महिन्याले देते. साफ मानूस."

तेजरामची जरा निराशाच झाली. चौदा म्हणजे काहीच नव्हतं. पण वही उघडीच होती, आणि स्टोअरमध्ये दुसऱ्याची रजिस्टरं उलटीकडून वाचण्यात त्याची सारी नोकरी गेली होती. पुढच्या पानाच्या डोक्यावर 'कॅम्प' लिहिलेलं त्याला दिसलं.

"कॅम्पातलेबी येते का इथं?"

"येते म्हणजे? सुरुवातीले कॅम्पात दुकानं कुठं होते जी? तवापासूनचे गिऱ्हाईक हाये." भैय्याजी पानं उलटू लागले. क्रेन चालवणारा बिसेन. लोहार मिस्त्री. ज्याच्या मनगटावरचं घड्याळ दुरून चमके तो फिटर. एकेक नाव कानावर पडलं की तेजराम मान हलवी. आपण इतकी वर्षं म्हणतो ते अक्षरशः लिहून ठेवलेलं मिळालं, म्हणून त्याला आतून गुदगुल्या होत होत्या.

"हे समदे नंगे," तो म्हणाला. "तुमचे पैसे बुडवतीन एक दिवस."

"समदे कावून बुडवतीन? हे पहा, हे बाई." भैय्याजींनी एका पानावर बोट ठेवलं. "सोन्यासारखी. चार वर्सं झाले, एक महिना नाही चुकली. दर पुनवेले देवीच्या दर्शनाले येते, तवा सात रुपये देते अन् नऊचं नेते. बाकी वाढत जाते, पन बाई खरी."

तेजरामनं उलटीकडून वाचलं. शकुबाई, तेजराम हटवार यांची. कॅम्प-एक. बाकी एक्क्याण्णव.

खाली ओळीनं लिहिलेलं होतं. गोडं तेल. चहापत्ती. शाळेच्या वह्या. पोरीचं पातळ. पुन्हा गोडं तेल. मागच्या दिवाळीला बारीक काठाची धोतरजोडी. तिच्यातलंच एक त्यानं आज नेसलं होतं. साठातूनच वाचवून बायकोनं आणली म्हणून त्या दिवाळीत त्यानं ती जोडी गल्लीभर दाखवली होती. त्याचा हात नकळत काठावर गेला आणि तिथून उठला.

"मजा सांगू का," भैय्याजी वही मिटत म्हणाले. "दौलतरावबी काल येऊन गेले, याच पानासाठी. म्हणे, त्याच घरची पोरगी हाये, घर कसं हाये सांगा."

"मंग?" तेजरामनं विचारलं. "तुमी काय सांगतलं?"

"सांगतलं, मानसाचं मले काही माहीत नाही, कधी पाह्यला नाही. बाई मातर खरी हाये. तं म्हणे, बस झालं जी. पोरगी मायवरच जाते." ते हसले. "तुमचं नाव काय म्हनलं?"

तेजराम चपला शोधत होता. त्या हातातच घेऊन तो पायऱ्या उतरला.

घरी पोचला तेव्हा शकुबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. रत्नमाला पाण्याला गेली होती.

"कसं वाटलं घर?" तिनं विचारलं.

"बरं हाये."

"रेडिओ हाये म्हनते त्याइच्याकडं."

"हप्त्यावर हाये."

ती वाट पाहत थांबली. आता तो सुरू होईल आणि जेवेपर्यंत थांबणार नाही, हे तिला पाठ होतं. त्यानं फक्त चपला काढून भिंतीशी लावल्या, म्हणून तिनं मान वर केली.

"नाही म्हणून आले का मंग?"

"होकार धाडतो उद्या."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "भैय्याजीच्या दुकानात गेलतो."

शकुबाईची बोटं सुपात थांबली. एक खडा तिनं चिमटीत धरला होता, तो तसाच राहिला. मग तिनं तो अंगणात फेकला आणि पुन्हा तांदूळ सारू लागली.

"घराले महिन्याचं किती लागते?" तेजरामनं विचारलं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, की बोटांवर मोजलं नाही.

"एकोणसत्तर," ती म्हणाली. सूप एकदा पाखडलं. "पोट्टी गेली का, चौसष्ट."