न धुतलेली केप

मी एक जुनी केप आहे, आणि मला माझाच वास येतो.

मित्रांनो, नाकं मुरडू नका. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पडद्यावर पाहून शिट्ट्या मारल्या आहेत. घारवीर आठवतो ना? गडद निळी केप, आतून लालभडक अस्तर, आणि डाव्या खांद्यावर तो प्रसिद्ध डाग? तीच मी. ड्रेसवाल्या मावशी मात्र मला केप म्हणत नाहीत. त्या म्हणतात झूल. घोड्याच्या पाठीवर टाकतात ती. सुरुवातीला मला राग यायचा. आता वाटतं, घोड्याच्या झुलीचं बरं असतं, ती कोणीतरी अधूनमधून झटकतं तरी.

माझा जन्म आधी कागदावर झाला. कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकाराला पाठीचे स्नायू काढता येत नव्हते. पुढून घारवीर एकदम झोकात, पण मागून काढायला गेलं की पाठ नुसती गव्हाच्या पोत्यासारखी दिसायची. मग त्याने पाठ झाकून टाकली. झालं, मी जन्मले! कागदावर मी फार सुखात होते. कागदावर घाम येत नाही.

मग सिनेमा निघाला. मावशींनी एका सभागृहाचा जुना पडदा उभा-आडवा कापला, सलग नऊ दिवस मशीन चालवलं आणि मला शिवलं. शेवटचा टाका घालून त्यांनी मला झटकलं तेव्हा मला साबणाचा आणि इस्त्रीचा वास येत होता. तो वास मी अजून विसरलेले नाही. कारण त्यानंतर वीस वर्षं मला तो आलाच नाही.

घारवीर झालेला नट तेव्हा तरुण होता. सगळे त्याला साहेब म्हणत. पहिल्याच दिवशी तारांना लटकून तीस फूट उंच उडायचं होतं. क्रेनवाल्याने विचारलं, "साहेब, उंचीची भीती वगैरे?"

"अहो, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो!" साहेब म्हणाले.

कमरेला पट्टा बांधला, तारा ताणल्या, समोरून मोठा पंखा सुरू झाला आणि साहेब वर गेले. दहा फुटांवर त्यांनी डोळे मिटले. वीस फुटांवर माझं टोक दातांत धरलं. तीस फुटांवर मान डावीकडे वळवली आणि...

शी! सांगवत नाही. पण सांगते. ते माझ्यावर ओकले. अंडी होती आणि वर कॉफी. मला नक्की माहीत आहे, कारण मी तिथेच होते.

आता तुम्ही म्हणाल, मग धुवायचं ना! मावशी ओलं फडकं घेऊन धावल्याच होत्या. पण दिग्दर्शक ओरडला, "हात लावू नका! शॉटमध्ये आलाय!"

सिनेमावाल्यांचा एक नियम असतो. एका शॉटमध्ये जे जसं दिसलं, ते पुढच्या शॉटमध्ये तसंच दिसलं पाहिजे. यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला एक ताई असते. तिने माझ्या खांद्याचे फोटो काढले आणि वहीत लिहिलं: डाग, चार बोटं रुंद, खाली तीन थेंब. वर म्हणाली, "सिनेमा संपला की धुवू."

सिनेमा संपला. आणि धो धो चालला! साहेबांचा वेदनेने पिळवटलेला चेहरा लोकांना फार आवडला. वेदना कसली, मळमळ होती ती. चित्रकाराने थिएटरात माझा डाग पाहिला आणि पुढच्या अंकात हुबेहूब काढून खाली लिहिलं: 'पहिल्या लढाईत सांडलेलं रक्त.'

संपलं. त्या दिवसापासून मला पाणी बंद.

एकामागून एक सात सिनेमे निघाले. साहेब माझ्यात घामाघूम झाले, माझ्यात झोपले, मला नाक पुसलं. साखरेच्या पाकाचं खोटं रक्त माझ्यावर सांडायचं आणि पाठोपाठ मुंग्या यायच्या. खोट्या मिशीचा डिंक तर माझ्या कॉलरलाच पुसायचे. एकदा माझ्या शिवणीत झुरळाने अंडी घातली. मी महानायकाची केप की झुरळाचं प्रसूतिगृह? आणि बाहेर टाळ्या! काचेच्या कपाटात माझं प्रदर्शन मांडलं तर लोकांची रांग लागली. रखवालदाराची नजर चुकली की कपाटाचं दार ढकलून लोक डागाचा मुका घ्यायचे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी घेतला असेल तर मी आजपर्यंत सांगायचं टाळलं होतं. आता कळलंच आहे. चूळ भरा.

मग साहेबांचे गुडघे दुखायला लागले आणि मी ट्रंकेत गेले. आठ वर्षं! सोबतीला डांबरगोळ्या. त्याही बिचाऱ्या पहिल्या वर्षातच झिजून गेल्या. वासाला कंटाळल्या असतील.

इकडे कॉमिक्समध्ये घारवीर म्हातारा झाला होता आणि त्याने आपली केप एका मुलीच्या खांद्यावर ठेवली होती. तो अंक इतका खपला की त्याच्यावर सिनेमा निघाला. म्हातारा घारवीर अर्थात साहेबच. आणि शिष्या म्हणून सोळा वर्षांची एक मुलगी निवडली. घारीच्या घरात आली म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी मावशींनी ट्रंक उघडली आणि चिमणी तीन पावलं मागे सरकली.

"ई! मावशी, आत काही मेलंय का?"

"मेलं नाही गं. सुपरहिरो आहे," मावशी म्हणाल्या.

"कधी धुतलंय हे?"

मावशी सुईत दोरा ओवायला लागल्या. सुईत दोरा आधीच होता.

मित्रांनो, वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. मला चिमणी तिथेच आवडली. ती पळाली असती तरी मी तिला दोष दिला नसता. पण तिने नाक दाबून मला खांद्यावर घेतलं आणि आरशात पाहिलं. मग डागावर अगदी हळू बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं भक्तीने, अर्धं वासाने.

उडायचा शॉट मात्र तिला जमेना. पट्टा बांधून वर नेलं की दहा फुटांवर ती दोन्ही हातांनी तारा घट्ट धरायची, पंख्याच्या वाऱ्याने मी तिच्या तोंडावर फडफडायचे, आणि माझा वास थेट तिच्या नाकात जायचा. "खाली! खाली घ्या!" एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती वर गेल्यावर रडलीच. मी काय करणार? वास काही माझ्या हातात नव्हता. मला तर हातच नाहीत.

चिमणी खाली आली आणि तिने सरळ सांगितलं, "उंचीचं मी बघते. पण हे एकदा धुवा."

फोटोवाली ताई वही छातीशी धरून उभी राहिली. तीच ताई, फक्त आता चष्मा लागला होता. "डाग गेला तर घारवीर गेला!"

साहेब खुर्चीत बसले होते. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, चेहऱ्यावर पुतळ्याचा भाव. म्हणाले, "पोरी, ते रक्त आहे. मान ठेव. आम्ही वीस वर्षं सहन केलं."

"सर, रक्ताला असा आंबट वास येतो?"

मावशींना एकदम खोकला आला. साहेबांनी पिशवी उचलली आणि दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. "उद्या दुपारपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. तिला वासाचं काही नाही, तिला कायमची सर्दी आहे."

चिमणी कपड्यांच्या खोलीत आली, टोप आणि तलवारींच्या मधल्या जागेत बसली आणि माझ्या अस्तरात तोंड खुपसून रडली. नाक वाहत होतं. आणखी एक थर, मी मनात म्हटलं.

"मावशी, ते इतके शूर! रक्त सांडलं तरी उडाले. आणि मी दहा फुटांवर..." तिला हुंदका आला. "मी ही केप घालायच्या लायकीचीच नाही."

हे ऐकून मला जी किळस आली ना, ती अंड्यांची नव्हती, झुरळाचीही नव्हती. एका खोट्या ओळीपुढे ही खरी मुलगी स्वतःला कमी समजत होती, आणि ती ओळ मी खांद्यावर मिरवत होते!

दारात साहेब उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मावशींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही सांगता का मी सांगू?"

साहेबांनी दार लावून घेतलं. स्टुलावर बसले.

"ते रक्त नाही," ते म्हणाले. "अंडी आहेत. तीस फुटांवर गेलो आणि ओकलो. भीतीने. सातही सिनेमांत दर वेळी वर जाताना मला तेच व्हायचं. म्हणून मी नंतर उपाशी उडायचो."

चिमणीने तोंड वर केलं. नाकावर माझा एक दोरा चिकटला होता. "म्हणजे... सर, मी लहानपणी माझ्या टॉवेलवर तसाच डाग रंगवला होता! तो टॉवेल बांधून मी पलंगावरून उड्या मारायची!"

"कशाने रंगवलास?"

"जॅमने."

साहेब हसायला लागले. मग चिमणी. मग मावशी तर भिंतीला टेकूनच हसल्या. मी हसले नाही. ज्याच्यावर ओकलेलं असतं त्याला हसायला वेळ लागतो.

मग साहेबांनी बाह्या वर केल्या. "मावशी, टब आणा."

"साहेब, ताई जीव घेईल माझा."

"माझा घेईल. आणा."

गुडघे कुरकुरत असताना साहेब खाली बसले आणि त्यांनी मला पाण्यात बुडवलं. पहिलं पाणी काळं निघालं. दुसरं तपकिरी. तिसऱ्या पाण्यात एक मिशी वर आली! चिमणी किंचाळली, मग तिने ती चिमट्याने उचलून खिडकीत वाळत घातली. साहेब डागाशी आले आणि त्यांचा हात मंदावला. नुसता अंगठा फिरवत राहिले.

"साबण लावा," मावशी म्हणाल्या. "नुसतं कुरवाळू नका."

त्यांनी साबण लावला. खसाखसा घासलं. पाचव्या पाण्यात डाग निघाला, आणि पाणी ओतून द्यायला ते स्वतः उठले. मला दोरीवर टाकलं, उन्हात. माझ्यातून साबणाचा वास येत होता. मी जगातली सगळ्यात जुनी नवी केप होते.

दुसऱ्या दिवशी ताईने माझा खांदा पाहिला आणि तिच्या हातातली वही खाली पडली. दिग्दर्शक लाल झाला. "साहेब! पूर्ण सीन डागावर आहे! तुमचं वाक्य आहे ना, 'हा माझ्या पहिल्या लढाईचा डाग, तो जप'!"

"कॅमेरा लावा," साहेब म्हणाले. "वाक्य मी बघतो."

कॅमेरा लागला. म्हाताऱ्या घारवीराने मला आपल्या खांद्यावरून काढलं. त्याने मला चिमणीच्या खांद्यावर ठेवलं, गळ्याशी हूक लावला आणि म्हणाला,

"डाग माझा होता. तो मी घेऊन चाललो. तुझे तू पाड."

दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला. क्रेनवाल्याला वाटलं हाच इशारा, त्याने तारा ओढल्या. दहा फूट. वीस. चिमणीने डोळे मिटले नाहीत. तीस फूट! मी मागे पसरले, स्वच्छ, हलकी. खाली सगळी माणसं मुंग्यांएवढी. ती ओरडली, "सर! मला भीती वाटतेय!"

"मलाही वाटायची! उडत राहा!"

ती उडाली. मित्रांनो, खरंच उडाली. सेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि त्या टोकाला पोहोचल्यावर तिने मान उजवीकडे वळवली आणि...

पुन्हा? एका दिवसाचं सुख, मित्रांनो, एका दिवसाचं!

या वेळी बिस्किटं होती.

"हात लावू नका!" दिग्दर्शक आनंदाने नाचत ओरडला. "शॉटमध्ये आलाय!" ताई फोटो काढायला धावली.

चिमणी खाली उतरली. तिने गळ्याचा हूक काढला आणि मला कडेवर घेतलं. "हे मी आत्ता धुणार."

"आणि पुढचा शॉट? डाग कुठून आणू?"

तेव्हा मागे उभ्या असलेल्या मेकअपवाल्या काकांनी हात वर केला. "मी ब्रशने काढतो की. दोन मिनिटांचं काम. निघतोही लगेच." मग कान खाजवत म्हणाले, "मागचाही काढला असता. वीस वर्षांत मला कोणी विचारलंच नाही."

वीस वर्षं! मुंग्या, झुरळ, डिंक, सगळं सगळं, फक्त एक माणूस तिथेच ब्रश घेऊन उभा असताना कोणी त्याला विचारलं नाही म्हणून!

चिमणीने त्या दिवशी मला स्वतः धुतलं. साहेब शेजारी स्टुलावर बसून सूचना देत होते आणि ती त्यातली एकही ऐकत नव्हती. आता प्रत्येक शूटिंगनंतर मी टबात जाते. उन्हात जरा विटले आहे, अस्तर पातळ झालं आहे, पण वास विचाराल तर साबणाचा.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुम्हालाही कोणी ना कोणी आपली जुनी केप देईल. ती आजोबांची खुर्ची असेल, ताईचं दप्तर असेल, नाहीतर वर्गाचं मॉनिटरपद. हात जोडण्याआधी वास घ्या आणि विचारा, कधी धुतलंय? आणि पुढे कधीतरी तुमचीही द्यायची वेळ येईल. तेव्हा तुमच्या डागांची गोष्ट खुशाल सांगा, खरी सांगा. पण कापड धुऊन द्या.

साबण लावून. नुसतं कुरवाळू नका.